तेलाचा पंप : मोठा की मापाचा?

गाडी, इंजिन, पाने, ग्रीस हा सगळा पुरुषांचा प्रांत, असं आपण सहज म्हणून टाकतो. पण त्या प्रांतातला खर्च घरखर्चाच्याच डब्यातून जातो ना! गाडीचं इंजिन उघडून पुन्हा बांधायचं ठरलं, की आपल्यापर्यंत येतो तो फक्त आकडा. तो कशाचा आहे, हे विचारायला आपण कचरतो. म्हणून आज तुमच्याशी इंजिनातल्या एका लहानशा भागाबद्दल बोलायचं आहे. तो भाग म्हणजे तेलाचा पंप. आकाराने ओंजळीत मावेल एवढा, पण तो चुकला तर सगळं इंजिन भंगारात!

आम्ही राहतो अमेरिकेत, मिशिगन राज्यात. जुनी गाडी घ्यायची आणि घरच्या गॅरेजात तिचं इंजिन स्वतः बांधायचं, हा इथल्या कितीतरी तरुणांचा छंद. आमच्या धाकट्या भावजींनीही १९७८ सालची शेव्हरोले कॅमेरो घेतली. इंजिन आठ सिलिंडरचं, ३५० घनइंचाचं, म्हणजे सुमारे ५.७ लिटरचं. या घराण्यातलं पहिलं इंजिन १९५५ साली आलं. त्याचे सुटे भाग आजही सहज मिळतात, आणि पंचाईत होते ती तिथेच. एक पंप मागितला तर दुकानदार पुढ्यात चार ठेवतो!

भावजींनी दोन वर्षं रात्रपाळ्या करून साठवलेले पैसे या इंजिनात घातले होते. 'हे' म्हणाले, "सगळ्यात मोठा पंप घे. तेल जास्त गेलेलं केव्हाही बरं." भावजींना ते पटेना, पण मोठ्या भावाला नाही कसं म्हणायचं? "वहिनी, तुम्हीच बघा," म्हणाले. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, पुस्तक उघडून बसायची सवय आहे. मग आम्ही तिघांनी मिळून हिशेब मांडला. तोच तुम्हाला सांगते.

पंपाचं काम काय?

इंजिनाच्या तळाशी तेलाचं पसरट भांडं असतं. मेकॅनिक त्याला चेंबर म्हणतात. त्यात पंपाची जाळी लावलेली नळी बुडालेली असते. आमच्या इंजिनाच्या पंपात दोन दातेरी चाकं एकमेकांत गुंतून फिरतात आणि तेल पुढे ढकलतात. ते फिल्टरमधून क्रँकशाफ्टच्या बेअरिंगांत जातं, तिथून कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांत, वर व्हॉल्व्हपाशी, आणि ओघळून पुन्हा भांड्यात. शाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर असतो आणि शाफ्ट त्या थरावर अक्षरशः तरंगत फिरतो. तेल पोचलं नाही की धातू धातूवर घासतो, आणि बघता बघता इंजिन जाम होतं.

आता खरी गंमत ऐका. पंप तेल ढकलतो, पण दाब एकटा तो तयार करत नाही. अंगणात नळीने झाडांना पाणी घालताना तोंडावर अंगठा धरला की पाणी जोरात उडतं. नळ तेवढाच, पाणी तेवढंच, पण वाट अरुंद झाली म्हणून दाब वाढला. इंजिनात अंगठ्याचं काम बेअरिंगमधली बारीक फट करते. फट वाढली की तेल भसाभसा निसटतं आणि दाब उतरतो.

दाब फार वाढला तर? त्याची सोय पंपातच असते. एक स्प्रिंग आणि तिच्या जोरावर बसलेला छोटा व्हॉल्व्ह. कुकरची शिट्टी वजन उचलून वाफ सोडते ना, तसा हा व्हॉल्व्ह ठरलेल्या दाबाला उघडतो आणि जादा तेल पंपाच्या तोंडाशीच परत पाठवतो.

मोठा म्हणजे कोणता?

दुकानात 'मोठा' म्हणून दोन निरनिराळ्या वस्तू मिळतात. एक जास्त तेल देणारा पंप. याच्या चाकांचे दाते लांब असतात आणि तो नेहमीच्या पंपापेक्षा सुमारे २५ टक्के जास्त तेल ढकलतो. दुसरा जास्त दाबाचा. चाकं तीच, फक्त व्हॉल्व्हची स्प्रिंग कडक. दोन्हींची गल्लत करू नये.

जास्त तेलाचा पंप घेतला आणि फटी नेमक्या असल्या, तर काय होईल? व्हॉल्व्ह लवकर उघडेल आणि जादा तेल पंपातच गोल गोल फिरत राहील. इंजिनाच्या वाट्याला काही जास्त येणार नाही. तेल तापेल ते वेगळंच. शिवाय या इंजिनात पंप फिरतो तो डिस्ट्रिब्यूटरच्या खालच्या टोकाला जोडलेल्या दांडीने. मोठ्या पंपाचा भार त्या दांडीवर आणि गिअरवर विनाकारण पडतो.

म्हणून आधी फट मोजायची, मग पंप निवडायचा. या इंजिनाच्या मुख्य बेअरिंगात शाफ्टचा व्यास असतो २.४५ इंच. जुना ठोकताळा असा, की व्यासाच्या दर इंचाला फट इंचाच्या हजाराव्या भागाएवढी. म्हणजे इथे साधारण अडीच हजारांश इंच, डोक्याच्या केसाच्या जाडीएवढी. भावजी मायक्रोमीटरने मोजायचे आणि मी वहीत आकडे लिहायची. सगळ्या फटी त्याच मापात बसल्या.

दाबाचाही ठोकताळा आहे. दर हजार फेऱ्यांना चौरस इंचामागे १० पौंड. भावजींचं इंजिन मिनिटाला ५,५०० फेऱ्यांच्या वर जाणार नव्हतं, म्हणजे ५५ पौंड पुरेत. तेवढं नेहमीच्या मापाचा नवा पंप आरामात देतो. 'ह्यां'नी वहीतले आकडे दोनदा पाहिले आणि म्हणाले, "मग उगाच जास्त पैसे कशाला?" झाला निर्णय!

मोठ्या पंपाचीही जागा आहे बरं का. शर्यतीसाठी फटी मुद्दाम सैल ठेवल्या असतील, तेल थंड करायचा वेगळा कूलर आणि लांब नळ्या लावल्या असतील किंवा टर्बोलाही तेल पुरवायचं असेल, तर जास्त तेलाचा पंप हवाच. पण झिजलेल्या बेअरिंगचा उतरलेला दाब लपवायला मोठा पंप बसवणं म्हणजे फुटक्या टाकीवर मोठी मोटर लावणं!

पंपाबरोबरची कामं

नवा पंपसुद्धा उघडून, धुऊन, चाकं मोकळी फिरतात का ते पाहूनच बसवावा. जुन्या दांडीवर नायलॉनची बुशी असते, ती कालांतराने तडकते. पोलादी बुशीची दांडी घ्यावी. जाळीची नळी पक्की बसवावी, कारण ती निसटली की पंप हवा ओढू लागतो. जाळी आणि चेंबरचा तळ यांत सुमारे ३/८ इंच अंतर लागतं. ते मोजायला मी चक्क कणकेचा गोळा दिला! तो जाळीला चिकटवून, गॅस्केटसकट चेंबर लावून काढलं आणि चेपलेल्या कणकेची जाडी मोजली. मग कणीक नीट पुसून काढली, हे सांगायला नकोच.

शेवटचं काम सगळ्यात महत्त्वाचं. कोरडं इंजिन कधीही एकदम सुरू करू नये. भावजींनी डिस्ट्रिब्यूटर काढून तिथे खास सळई घातली आणि ड्रिलने पंप फिरवला. मी बॅटरी धरून बघत होते. सोळाच्या सोळा रॉकरांवर तेल आलं, तेव्हाच डिस्ट्रिब्यूटर परत बसला. इंजिन सुरू होऊन तापल्यावर २,००० फेऱ्यांना काटा ४० पौंडांच्या आसपास स्थिरावला. भावजी काही बोलले नाहीत, नुसते काट्याकडे बघत उभे राहिले.

तुमच्या गाडीसाठी

तुमच्या दारात कॅमेरो नसेल, लहानशी गाडी असेल. अनेक नव्या गाड्यांत हा पंप क्रँकशाफ्टच्या तोंडाशीच बसवलेला असतो. पण तत्त्व तेच. इंजिनाचं काम काढलं की मेकॅनिकला एवढं विचाराच:

१. बेअरिंगांच्या फटी मोजल्या का? आकडे लिहून द्याल का?

२. पंप नवा घालणार की जुनाच? जुना असेल तर उघडून तपासला का?

३. जाळी, नळी आणि चेंबर स्वच्छ केलं का?

४. सुरू करण्याआधी तेल सगळीकडे पोचवणार कसं?

चांगला कारागीर या प्रश्नांनी चिडत नाही, उलट खुलतो. आणि रस्त्यात कधी तेलाचा लाल दिवा लागला, तर 'घरापर्यंत नेऊ' असं मुळीच म्हणू नका. दाब अगदीच उरला नाही की तो दिवा लागतो. गाडी बाजूला घ्या, इंजिन ताबडतोब बंद करा आणि मगच फोन करा.