घर लहान, वापर मोठा

घर दोन खोल्यांचं असलं, की त्यातला कोपरा न् कोपरा दुप्पट राबतो. सकाळी स्वयंपाक, दुपारी मुलांचा अभ्यास आणि रात्री पाहुण्यांचं अंथरूण, सारं तिथंच! शिवाय एकदा ओटा-फरशी बिघडली, की उखडायच्या वेळी चूल मांडायला दुसरी जागा नसते. म्हणून पैसे मोजकेच असतील, तर ते पाणी, आच आणि हात रोज लागतात तिथं आधी घालावेत. शोभेचं मागाहून.

पहिला मान ओट्याचा. संगमरवर, कडप्पा आणि कोटा हे तिन्ही चुनखडीच्या जातीचे दगड. लिंबू, चिंच, ताक सांडून तसंच राहिलं, की त्यांची झिलई उडते, डाग उरतो. ग्रॅनाइटला आंबटाचं तेवढं भय नाही. ओटाच लहान, तेव्हा जास्तीचा खर्चही बेताचा.

जमिनीला मात्र कोटा उत्तम. झिजला तर पुन्हा पॉलिश करता येतो. फक्त अ‍ॅसिडनं धुऊ नये. व्हिट्रिफाइड फरशी पाणी जवळजवळ पीतच नाही, पण तिच्यामधले साध्या सिमेंटचे सांधे हळद-तेल पितात. स्वयंपाकघरात तरी सांध्यांत इपॉक्सी भरून घ्यावं. न्हाणीघरात गुळगुळीत फरशी नकोच, खरबरीत बरी. घरात सासूबाई-मामंजी असतील तर हे विसरून चालणार नाही.

सिंकखालच्या कपाटाला भुशाचा बोर्ड लावू देऊ नका. पाणी लागलं की तो फुगतो. प्लायवूड घ्यावं आणि त्यावर 'आयएस ७१०' हा मरीन प्लायचा शिक्का स्वतः पाहावा. कापलेल्या कडाही नीट बंद करून घ्याव्यात.

भिंत सर्द असेल, तर आधी गळती शोधा, भिंत वाळू द्या आणि मगच रंग. नाहीतर कितीही भारी रंगाचे पोपडे निघतात. मुलांचे हात पोचतात तिथं धुता येणारा रंग द्यावा.

दुकानातून नमुन्याचा तुकडा मागून आणा. त्यावर हळद-तेल आणि लिंबाची फोड रात्रभर ठेवा, सकाळी पुसा, उलथन्यानं ओरखडून बघा. मग घरच्यांना दाखवा. कंत्राटदार विचारतो 'साहेबांना', पण रोज पुसायचं जिला आहे, तिचं मत आधी हवं. नाही का?