बाबा बाहेर गेल्यावर

अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्या उन्हात एखादा पोरगा आत घट्ट बनियन, वर टी-शर्ट आणि त्यावर चेनचं जाकीट घालून ओपीडीत शिरला, की आमच्या सिस्टरला त्याचा केसपेपर बघावा लागत नाही. खांदे पुढे ओढलेले, पाठीला बाक, दप्तर छातीशी धरलेलं. बोलते ती आई : "घरातही सदरा काढत नाही जी हा."

मी भूलतज्ज्ञ. अमरावती आणि अकोल्यात प्लास्टिक सर्जनांबरोबर काम करते. पुरुषाच्या स्तनग्रंथी वाढण्याला वैद्यकात गायनेकोमॅस्टिया म्हणतात. पोरं नुसतं 'गायनो' म्हणतात, तेही दार लोटून घेतल्यावर. दुखणं जुनंच आहे. सातव्या शतकातल्या पॉल ऑफ एजिना या ग्रीक वैद्यानं त्याची शस्त्रक्रिया लिहून ठेवली आहे. स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या खालच्या कडेनं छेद घ्यायची पद्धत वेबस्टर या सर्जननं १९४६ मध्ये मांडली, ती आजही चालते.

पण सुरी हातात घेण्याआधी जे घडतं, तेच मला या कामात सगळ्यात मोलाचं वाटतं.

अचलपूरकडचा एक नववीतला मुलगा आठवतो. शाळेत कबड्डी सोडली होती, कारण पोरांनी नाव पाडलं होतं. वडिलांच्या हातात नुकतेच कापसाचे पैसे आले होते. ते म्हणाले, "आता पैसे हायेत, करून टाका. पुढच्या साली कपाशीचं काय होईन, कोणाले मालूम?" सर्जननी नाही म्हटलं. वयात येताना निम्म्याहून अधिक मुलांना अशी थोडीफार गाठ येते. शरीरातल्या इस्ट्रोजेन आणि टेस्टोस्टेरॉनचा तोल काही काळ ढळतो आणि बहुतेकांची गाठ सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप ओसरते. त्यांनी गाठ मोजली, आकडा कागदावर लिहिला, दर सहा महिन्यांनी यायला सांगितलं. वडील रागावूनच गेले, तरी मुलाला घेऊन येत राहिले. दुसऱ्या हिवाळ्यात गाठ बोटांना जेमतेम लागत होती. हातात पैसे घेऊन आलेल्या बापाला परत पाठवणारा डॉक्टर मला फार मोठा वाटतो.

ज्यांची गाठ दोन वर्षांनंतरही राहते, ती घट्ट होते, तिथं गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही, ते ऑपरेशनला येतात. त्यांची भूलपूर्व तपासणी माझ्याकडे असते. नेहमीचे प्रश्न संपले की मी सोबतच्या माणसाला बाहेर बसायला सांगते. अमरावतीच्या एका तेवीस वर्षांच्या पोराच्या वडिलांनी मला प्रोटीन पावडरचा डबा दाखवला होता. ते बाहेर गेले आणि पोरगा म्हणाला, "मॅडम, बाबाले सांगू नका. दोन सायकली मारल्या." सायकल म्हणजे स्टेरॉइडच्या इंजेक्शनांचा कोर्स. अशा इंजेक्शनांतून घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीर इस्ट्रोजेनमध्ये बदलतं आणि छातीतली ग्रंथी वाढते. मला हे कळणं भाग असतं, कारण ही इंजेक्शनं हृदयावर आणि यकृतावर ताण आणतात, रक्त दाट करतात. त्याचं ऑपरेशन आम्ही पुढे ढकललं, तपासण्या केल्या, इंजेक्शनं बंद करायला लावली. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून याच शहरात आहे, १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथल्या चमूनं भारतीय व्यायामप्रकार जगाला दाखवले. त्या गावातली पोरं तीन महिन्यांत छाती कमवायला निघतात आणि मग ती लपवत फिरतात, याचा मला खरोखर संताप येतो.

प्रत्यक्ष ऑपरेशनच्या दिवशी पहिलं काम पेनाचं. रुग्णाला उभं करून छातीवर खुणा करतात, कारण आडवं झाल्यावर चरबी पसरते आणि कडा सापडत नाहीत. आरशासमोरचे ते क्षण पोरांना सगळ्यात जड जातात. म्हणून आमच्याकडे त्या वेळी खोलीत गरजेपुरतीच माणसं असतात. भूल दिल्यावर सलाइनमध्ये भूल आणणारं आणि रक्तस्राव रोखणारं औषध मिसळून छातीत भरतात, बारीक नळीनं चरबी ओढतात. ग्रंथी मात्र नळीनं येत नाही. ती ओल्या खोबऱ्यासारखी पांढरी आणि चिवट असते, वेबस्टरच्या छेदातून कापूनच काढावी लागते. सगळी काढून चालत नाही. स्तनाग्राखाली पातळ चकती ठेवली नाही तर तिथं खड्डा पडतो. काढलेला तुकडा पॅथॉलॉजीला जातो. मग काही आठवडे घट्ट जाकीट. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात ते अंगावर ठेवणं कठीण, म्हणून ज्यांना थांबता येतं त्यांना आम्ही दिवाळीनंतरची तारीख देतो.

पोलीस भरतीची तयारी करणारे बरेच येतात. दर्यापूरच्या एकानं टेबलावर आडवं होता होता विचारलं, "सर, छाती कमी त होनार नाही न? भरतीत टेप लावते." मुलांना ७९ सेंटिमीटर छाती लागते आणि फुगवून निदान ५ सेंटिमीटर वाढावी लागते. सर्जननी त्याला उठवलं, टेप मागवली, मोजलं. थोडी घट धरूनही तो आकड्याच्या वर राहत होता, तेव्हाच तो निर्धास्त झोपला.

मूर्तिजापूरकडच्या एका तरुणाची गोष्ट वेगळी. लग्न ठरलं होतं. हळदीला अंग उघडं टाकावं लागणार, म्हणून घाई. गाठ एकाच बाजूला, चार महिन्यांतली, हात लावला की दुखणारी. जिम नाही, दारू नाही, कुठलं औषध नाही. आधी एकीकडे त्यानं महिनाभर गोळ्या खाल्ल्या होत्या, पण कुणी त्याला पँट उतरवायला सांगितलं नव्हतं. आमच्या सर्जननी सांगितलं. एका वृषणात कडक गाठ लागली, संध्याकाळपर्यंत सोनोग्राफी झाली. कर्करोग होता. वृषणाच्या काही गाठी असं संप्रेरक सोडतात की छाती वाढते, आणि क्वचित तेच पहिलं लक्षण असतं. लवकर सापडला तर हा कर्करोग बहुतेकदा पूर्ण बरा होतो. त्याचा झाला. लग्न पुढच्या उन्हाळ्यात लागलं. छातीच्या ऑपरेशनचं त्यानं पुन्हा विचारलं नाही.

तेव्हापासून माझ्या तपासणीच्या कागदावर एक ओळ आहे : वृषण तपासले का, कोणी, कधी. ती रिकामी असेल तर मी त्या दिवशी भूल देत नाही, मग सर्जन कोणीही असो.