गाडीतला गोंगाट : आधी फट, मग पत्रा

नाशिकहून पहाटे निघालेली चौकोनी, उंच चाकांची गाडी दुपारी नागपुरात पोहोचते. वाटेत काही बिघाड नाही, रस्ता गुळगुळीत, जेवणही वेळेवर झालेले. तरी उतरणाऱ्यांचे चेहरे ओढलेले असतात. चालवणाऱ्याचे डोके जड झालेले असते, मागे बसलेल्या आजींना पुढचे बोलणे अर्धेच ऐकू आलेले असते आणि इंजिन बंद केल्यावरही कानात मंद घूं घूं चालूच राहते. प्रवासाचा शीण म्हणून सगळे ते सोडून देतात. त्या शिणातला बराचसा वाटा आवाजाचा असतो.

थार, गुरखा, जिम्नी या घराण्यातल्या गाड्या आता केवळ हौशी भटक्यांच्या राहिलेल्या नाहीत. घरातली एकमेव गाडी म्हणूनही त्या घेतल्या जातात. चिखल, नदीपात्र आणि घाटातली दगडी वाट यांसाठी आखलेली रचना मग महामार्गावर ताशी शंभरच्या वेगाने धावते. उभी पुढची काच, बाहेर आलेल्या बिजागऱ्या, खोल खाचांचे टायर, मागच्या दाराला टांगलेले स्टेपनीचे चाक, काही प्रकारांत काढता येणारे किंवा कापडी छत. जंगलात यातली प्रत्येक गोष्ट कामाची असते, पण वेगात यातली प्रत्येक गोष्ट बोलू लागते. जुन्या जीपमध्येही हे सारे होतेच. फरक इतकाच, की ती जीप तासाला साठ किलोमीटरच्या पुढे क्वचितच जाई.

आवाज मोजतात डेसिबलमध्ये, आणि हे माप साध्या बेरजेचे नाही. तीन डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, दहा वाढले की ती दहापट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. शेजारच्याशी होणारे नेहमीचे बोलणे ६० डेसिबलच्या आसपास असते. महामार्गाच्या वेगात बऱ्याचशा बंद मोटारींच्या आत ६५ ते ७० डेसिबल आवाज असतो; चिखलाचे टायर आणि कापडी छत असलेल्या गाडीत तो ७५च्या पुढे सहज जातो. मग माणसे नकळत आवाज चढवून बोलू लागतात. फ्रान्समधील कान-घशाचे डॉक्टर एतिएन लोंबार यांनी १९११ मध्ये याची नोंद केली होती, म्हणून या सवयीला त्यांचेच नाव आहे. चार तास असे चढ्या आवाजात बोलले की घसा बसतो. गाण्यांचा आवाजही त्याच हिशेबाने वाढत जातो आणि कानावर एकाऐवजी दोन भार पडतात.

यामुळे बहिरेपण येते का? बंद गाडीतल्या अधूनमधूनच्या प्रवासाने सहसा नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही सुरक्षित ऐकण्याची मर्यादा सांगते. कामाच्या ठिकाणासाठी अमेरिकी आरोग्य संस्थांचा निकष दिवसाला आठ तास ८५ डेसिबल असा आहे. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे ८८ला चार तास, ९१ला दोन. छत काढून किंवा सगळ्या काचा खाली करून शंभरच्या वेगाने गेले, तर पातळी या पट्ट्यात येऊ शकते. वडाप चालवणारे किंवा जुनी उघडी जीप रोज आठ-दहा तास हाकणारे यांच्यासाठी तर हा हौसेचा विषयच नाही. प्रवासानंतर कानात येणारी घूं घूं दुसऱ्या दिवशीही राहिली, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

बाकीच्यांसाठी खरा धोका थकव्याचा आहे. सततच्या गोंगाटातून बोलणे, हॉर्न, रुग्णवाहिकेचा भोंगा वेगळा काढण्यासाठी मेंदू सारखा राबत असतो. त्यात खालच्या पट्टीतला घुमारा असतो, जो कानापेक्षा छातीला आणि आसनाला जास्त जाणवतो. मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठात २०१८ मध्ये पंधरा स्वयंसेवकांना कृत्रिम चालकगाडीत बसवून आसनाला सेकंदाला चार ते सात वेळा असे हलके कंपन दिले गेले. पंधरा मिनिटांतच पेंग येण्याची लक्षणे दिसू लागली. हा प्रयोग कंपनाचा होता, आवाजाचा नव्हे. पण टायरकडून निघणारे हादरे ज्या वाटेने आसनापर्यंत येतात, बहुतेक त्याच वाटेने टायरचा घुमाराही येतो.

वारा कुठे बोलतो?

वाऱ्याचा आवाज वेगाबरोबर भयंकर वेगाने वाढतो, साधारणपणे वेगाच्या पाचव्या ते सहाव्या घाताने. ८०वरून १०० वर गेले की पाच-सहा डेसिबल, १२० वर गेले की नऊ-दहा. समृद्धी महामार्गावर १२०ची मुभा आहे म्हणून काटा तिथेच ठेवणाऱ्याच्या कानाला वारा ८०च्या मानाने जवळपास दुप्पट मोठा ऐकू येतो. बाजारात मिळणाऱ्या कोणत्याही वस्तूपेक्षा वेग वीसने कमी करणे जास्त परिणामकारक आहे आणि ते फुकट आहे.

उभ्या काचेवर आदळलेला वारा कडेच्या खांबावरून वळताना सुटतो, त्याचा भोवरा होतो आणि तो भोवरा थेट चालकाच्या कानाशेजारच्या काचेवर थापा मारतो. बाहेरचा आरसा त्यात भर घालतो. दाराची साधी काच चारेक मिलिमीटर जाड असते आणि अशी काच सुमारे तीन हजार हर्ट्‌झच्या आवाजाला विशेष सहज वाट देते. माणसाचा कानही नेमका त्याच पट्ट्यात सर्वांत तिखट असतो. गाडीच्या तळाला कितीही रबर चिकटवले तरी हा वारा कमी होत नाही, तो येतो काचेतून.

छतावरच्या कॅरियरची शिट्टी ही वेगळी भानगड. आडव्या नळीमागे वारा आळीपाळीने वरखाली भोवरे सोडतो आणि त्यातून ठरावीक सूर निघतो. चेक शास्त्रज्ञ विन्सेन्स स्ट्रोहाल यांनी १८७८ मध्ये याचा हिशेब मांडला. ताशी १०० किलोमीटर वेगात दोन सेंटिमीटर जाडीच्या नळीचा सूर २८० हर्ट्‌झच्या आसपास येतो, पाच मिलिमीटरच्या सळईचा हजाराच्या वर. उपाय गंमतशीर सोपा आहे. नळीवर जाड दोरी मळसूत्रासारखी गुंडाळायची, म्हणजे भोवरे एका सुरात सुटत नाहीत. कारखान्यांच्या उंच धुराड्यांवर दिसणारी वळणदार पट्टी याच कामाची असते, फक्त तिथे सुराऐवजी धुराड्याचे हेलकावे थांबवायचे असतात. अर्थात कॅरियर लागत नसेल तेव्हा काढून ठेवणे सर्वांत उत्तम. वर्षातून दोनदा सामान वाहणारा सांगाडा बाकीचे दिवस केवळ शिट्ट्या मारतो आणि डिझेल खातो.

मागची एकच काच खाली केली की कानात धप-धप असा दाब येतो, तो प्रकार बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यासारखा आहे. गाडी ही मोठी बाटली, खिडकी तिचे तोंड. सूर इतका खालचा असतो की तो ऐकू येण्याऐवजी दाबासारखा जाणवतो. दुसरी एखादी काच दोन बोटे उघडली की तो मोडतो.

टायरचे म्हणणे

ताशी ८०च्या आतबाहेर गाडीत सर्वांत मोठा आवाज बहुधा टायरचा असतो. चिखलाच्या टायरवर, म्हणजे ज्याला दुकानात एमटी म्हणतात, मोठे ठोकळे आणि मधे रुंद खाचा असतात. प्रत्येक ठोकळा रस्त्यावर आपटतो, खाचेतली हवा दाबली जाऊन फटकन सुटते. ठोकळे एकाच मापाचे असते तर भोंग्यासारखा एकच सूर लागला असता. म्हणून कारखाने त्यांची लांबी मुद्दाम कमीजास्त ठेवतात. तरीही एमटीचा गुणगुणाट लपत नाही. काँक्रीटच्या रस्त्यावर पाण्याच्या निचऱ्यासाठी पाडलेल्या आडव्या खाचा त्यात आपला सूर मिसळतात.

ज्याची गाडी महिन्यातून एकदा कच्च्या वाटेला लागते, त्याला एमटी टायर लागतच नाहीत. एटी किंवा साधे महामार्गाचे टायर घेतले तर जो फरक पडतो, तो आतून लावलेल्या कोणत्याही थराने पडत नाही. टायर दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढे-मागे बदलले नाहीत तर ठोकळे एका कडेने झिजतात आणि आवाज आणखी वाढतो. वाळूत किंवा चिखलात उतरताना कमी केलेली हवा परत भरायला विसरणे ही तर निव्वळ धोक्याची गोष्ट, कारण असा टायर वेगात तापतो.

बहुतेक मालक मात्र सुरुवात करतात ती डॅम्पिंग शीटपासून. दुकानदार सांगतो, सगळा तळ, चारही दारे, छत मढवून टाका. गाडीचे वजन वाढते, पैसे जातात आणि वारा पूर्वीसारखाच शिट्टी मारत राहतो. असे का होते, त्याचे गणित सोपे आहे. दाराच्या क्षेत्रफळाचा एक टक्का भाग जरी फट म्हणून उघडा राहिला, तरी उरलेला ९९ टक्के पत्रा भिंतीएवढा जाड केला तरी आत येणारा आवाज २० डेसिबलपेक्षा जास्त घटणार नाही. फुटक्या हौदाला बाहेरून कितीही गिलावा केला तरी पाणी फटीतूनच जाणार.

म्हणून आधी फट शोधायची. दाराच्या चौकटीत दहाची नोट ठेवून दार लावावे आणि ती ओढून पाहावी. सहज निघाली तर तिथले रबर दबलेले आहे. हीच परीक्षा दाराच्या सबंध कडेने हातभर अंतरावर करत जावी. काळोखात आत बॅटरी लावून बाहेरून प्रकाशाच्या रेघा शोधता येतात. सर्वांत खात्रीचा मार्ग कागदी चिकटपट्टीचा. दारांच्या, बॉनेटच्या, आरशाच्या बुडाच्या, छताच्या सांध्यांच्या सगळ्या फटी बाहेरून पट्टीने बुजवायच्या, ओळखीच्या रस्त्यावर एकाच वेगाने फेरी मारायची, मग एकेक पट्टी काढत पुन्हा जायचे. ज्या पट्टीनंतर आवाज परत आला, तिथे पैसे खर्च करायचे. सोबत्याने मोबाइलवरील आवाजमापक धरला तरी चालतो. त्याचा आकडा प्रमाण मानू नये, पण आधी-नंतरची तुलना तो ठीक करतो. काढत्या छताच्या गाड्यांत दोषी बहुधा छताचा पुढचा सांधा निघतो. तिथले रबर स्वच्छ करून त्याला सिलिकॉनचे वंगण लावले किंवा कडी नीट आवळली, तरी कधी कधी काम भागते.

आवाज कोणाचा हेही कानाने ओळखता येते. डांबरावरून काँक्रीटवर जाताच बदलला तर टायरचा. आडव्या वाऱ्यात किंवा ट्रकशेजारून जाताना बदलला तर वाऱ्याचा. वेग तोच ठेवून गियर बदलल्यावर बदलला तर इंजिनाचा. आणि हलक्या वळणावर एका बाजूला वळताना घुमारा वाढून दुसऱ्या बाजूला कमी होत असेल, तर चाकाचे बेअरिंग गेले असण्याची शक्यता. तो आवाज रबराखाली गाडून टाकायचा नसतो, गाडी त्याच दिवशी मेकॅनिककडे न्यायची असते.

फटी बुजल्यावर पत्र्याची पाळी. इथे तीन वेगळी कामे आहेत आणि दुकानात ती बऱ्याचदा एकाच नावाने विकली जातात. ॲल्युमिनियमचा पापुद्रा असलेले ब्युटाइल रबर पत्र्याची थरथर थांबवते. त्यासाठी पत्रा पूर्ण झाकावा लागत नाही, मधला पाव-तृतीयांश भाग पुरतो. पत्र्यावर बोटाने टिचकी मारावी, डब्यासारखा आवाज आला तर तिथे ते हवे. जड व्हिनाइलचा थर आवाज अडवतो. तो सलग आणि खाली फोम ठेवून अंथरला तरच उपयोगी. नमदा किंवा फोम आत आलेला आवाज शोषतो, पण खालच्या घुमाऱ्यापुढे त्याचे चालत नाही. चाकांच्या कमानी आणि पुढच्या पायांखालचा भाग यांना पहिला मान द्यावा. स्वस्तातले डांबरी शीट मात्र टाळावे, विदर्भाच्या उन्हाळ्यात ते वास मारते आणि पाघळते.

पाऊस विसरून चालत नाही. दारांच्या तळाला पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोके असतात, ती चुकूनही बुजवू नयेत; कोकणात एका मोसमात दार आतून गंजते. नमद्याखाली ओल राहिली तर बुरशी येते. दारांत आणि खांबांत एअरबॅगचे सेन्सर, फुगे आणि तारा असतात, तिथे शीट किंवा फोम कोंबणे म्हणजे जीवावरचा खेळ. पेडलखाली थरावर थर चढवू नयेत आणि आग न पकडणारे साहित्य आहे का, ते विचारून घ्यावे. टायरचे माप बदलण्याआधी आरटीओच्या नियमांत ते बसते का, तेही पाहावे.

हे सगळे झाल्यावर एक तक्रार हमखास येते : गाडीत नवेच आवाज सुरू झाले. ते नवे नसतात. मोठ्या गोंगाटाखाली दबलेले असतात, तो ओसरला की वर येतात. स्टेपनीच्या कडीची कुरकुर, सीटबेल्टच्या बकलाची टकटक, दाराच्या खणातली पाण्याची बाटली. मागे सीटखाली खडखडणारा जॅक जुन्या टॉवेलात गुंडाळून ठेवला, की त्यातले निम्मे तरी थांबतात.