मंगळावर अडकलेली किल्ली

४ जुलै १९९७. एअरबॅगमध्ये गुंडाळलेले मार्स पाथफाइंडर यान चेंडूसारखे उसळ्या घेत मंगळावरच्या आरेस व्हॅलिसमध्ये स्थिरावले. त्यातून सोजर्नर ही साडेदहा किलोंची बग्गी बाहेर पडली, फोटो येऊ लागले, जग हरखून गेले. आणि काही दिवसांतच यानाचा कॉम्प्युटर मधूनच आपला आपण रीसेट होऊ लागला.

जमवलेली माहिती शाबूत राही, पण त्या दिवसाची उरलेली कामे बारगळत. पृथ्वीवरचा संदेश पोचायलाच दहा मिनिटांहून जास्त वेळ लागे. तिथे जाऊन झाकण उघडून बघणार कोण?

पासाडेनाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत ग्लेन रीव्ह्ज यांच्या सॉफ्टवेअर गटाने यानासारखाच संच मांडला आणि मंगळावर चाललेली कामे त्यावर चालवायला घेतली.

यानावर व्हीएक्सवर्क्स ही रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम होती. तिच्या कर्नलचा, म्हणजे गाभ्याचा, नियम कडक. हार्डवेअरकडून इंटरप्ट आला की प्रोसेसर हातातले काम आहे तिथे सोडून आधी त्याच्याकडे बघतो. ते उरकले की कर्नल पाहतो, तयार असलेल्यांत सर्वांत वरच्या अग्रक्रमाचे काम कोणते. प्रोसेसर त्याला मिळतो. खालच्याने थांबायचे, मग ते कुठल्याही ओळीवर असो.

उपकरणांना जोडणाऱ्या बसची फेरी सेकंदाला आठ वेळा होई. एक काम आलेली माहिती वाटणारे. दुसरे, त्याच्याही वरचे, पुढची फेरी आखणारे. ते आधी बघे, वाटप संपले का? संपले नसेल तर गंभीर चूक मानून रीसेट. म्हणजे रीसेट ही पहारेकऱ्याची शिट्टी होती. चोर वेगळाच होता.

गटाच्या हाताशी एक नोंदवही होती. कोणता इंटरप्ट कधी आला, प्रोसेसर कोणाकडून कोणाकडे गेला, कोणते सेमाफोर (सामाईक गोष्टीवरचे कुलूप) कोणी घेतले, हे सारे टिपणारी सोय त्यांनी सॉफ्टवेअरमध्ये ठेवलेली होती. १८ तासांच्या आत लॅबमधला संचही रीसेट झाला. नोंदी उलट्या वाचत गेल्यावर चोर सापडला: हवामानाची मोजमापे जमवणारे, अगदी खालच्या अग्रक्रमाचे काम!

ऑफिसात खुर्ची एकच आणि कपाटाची किल्लीही एकच आहे असे समजा. कारकून किल्ली घेऊन खुर्चीत बसला, तेवढ्यात त्याला उठवले. किल्ली त्याच्या खिशातच. साहेब आले, पण किल्लीवाचून त्यांचे अडले. खुर्ची रिकामी दिसताच मधले अधिकारी एकामागून एक येऊन बसू लागले. ते हटेनात, म्हणून कारकून किल्ली देऊ शकेना, म्हणून साहेब ताटकळले. खुर्ची म्हणजे प्रोसेसर, किल्ली म्हणजे म्यूटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारे सेमाफोर), साहेब म्हणजे वाटप करणारे काम, कारकून म्हणजे हवामानाचे काम. याला प्रायॉरिटी इन्व्हर्जन म्हणतात.

यावरचा उतारा नवा नव्हता. लुई शा, राज राजकुमार आणि जॉन लेहोत्स्की यांनी १९९० साली तो सविस्तर मांडला होता: साहेबांना हवी असलेली किल्ली कारकुनाकडे आहे, तोवर त्याला साहेबांचाच मान द्यायचा. मग मधले कोणी त्याला उठवू शकत नाही. व्हीएक्सवर्क्समध्ये ही सोय होती. पण हे म्यूटेक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात, सिलेक्ट या फंक्शनसाठी आपोआप तयार होणारे. तिथे ती बंद राहिली होती. दुरुस्तीचा छोटा पॅच आधी लॅबमध्ये तपासला, मग मंगळावर पाठवला. रीसेट थांबले.

मनाला लागते ती गोष्ट पुढेच आहे. असे रीसेट उड्डाणापूर्वीच्या चाचण्यांतही दिसले होते. पण पुन्हा घडवता येईनात, आणि सगळ्यांचे लक्ष यान सुखरूप उतरवण्यावर होते. त्यात मंगळावरून अपेक्षेपेक्षा जास्त वेगाने माहिती पाठवता येऊ लागली, कामे वाढली आणि क्वचित घडणारे वारंवार घडू लागले. वाईटात वाईट काय होईल याची तयारी होती. इतके चांगले होईल याची चाचणी कोणी घेतली नव्हती.

महिनाभरासाठी पाठवलेले हे यान २७ सप्टेंबर १९९७ पर्यंत बोलत राहिले. तोवर त्याने हवामानाच्या सुमारे ८५ लाख नोंदी पाठवल्या होत्या, किल्ली खिशात राहिलेल्या त्याच कारकुनाने जमवलेल्या.