चित्रांचे घर आणि वऱ्हाडचे ऊन

वैशाखातील दुपारी अकोल्यास पारा कित्येकदा 45 अंशांपलीकडे जातो. अशा वेळी जुन्या धाब्याच्या घरात पाऊल ठेवले की उंबरठ्यातच निराळी हवा लागते. हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंतीतून उष्णता आत पोचावयास कित्येक तास लागतात. ती पोचते तेव्हा रात्र झालेली असते आणि मंडळी अंगणात बाजा टाकून निजलेली असतात. माझे बालपण अशाच घरात गेले.

चित्रसंग्रहालयाच्या भिंतीपुढचा प्रश्न याहून अवघड असतो. माणूस अंगणात निजू शकतो. चित्राला ती सोय नाही. थेट उन्हाने त्याचे रंग उडतात. हवा कधी कोरडी, कधी दमट होत राहिली तर कापड ताणते, सैल पडते व रंगास भेगा जातात. म्हणून तेथील हवा अहोरात्र एकसारखी ठेवावी लागते. हे काम यंत्रावर सोपविता येते. परंतु यंत्रास वीज हवी, आणि विजेसाठी अकोला जिल्ह्यातील पारससारख्या केंद्रांत दगडी कोळसा जळत असतो. भिंत जितके ऊन बाहेर थोपवील, तितका कोळसा वाचेल.

मुंबईस 1996 साली राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झाले, ते सर कावसजी जहांगीर सभागृहाच्या जुन्या वास्तूत. बाहेरील दगडी भिंती राखून आत नवी दालने रचण्यात आली. मुंबईची हवा समुद्राकाठची, दमट. वऱ्हाडात असे संग्रहालय बांधावयाचे झाल्यास प्रथम येथल्या सूर्याची चाल पाहावी लागेल.

मे महिन्याच्या अखेरीस भर मध्यान्ही अंगणात एक काठी सरळ उभी करून पाहा. तिची सावली पायाशीच गोळा होते, कारण सूर्य अगदी डोक्यावर असतो. त्या वेळी ऊन छतावर पडते. दक्षिणेची भिंत जवळजवळ सुटते. खरा मारा होतो तो सकाळी पूर्वेच्या व दुपारनंतर पश्चिमेच्या भिंतीवर. कललेला सूर्य छज्जाखालून आत शिरतो, त्यामुळे तेथे छज्जाचा उपयोग थोडाच. म्हणून इमारत पूर्व-पश्चिम लांब ठेवावी. पश्चिमेची बाजू अरुंद व बिनखिडकीची असावी आणि जिना, कोठारे तिकडे न्यावीत. त्या भिंतीपुढे हातभर अंतर सोडून विटांची जाळी उभारली तर ऊन जाळीच झेलते. मधली हवा तापून वर निघून जाते व भिंत सावलीत राहते.

चित्रांसाठी उजेड उत्तरेचा घ्यावा. तो दिवसभर सौम्य असतो. मात्र उन्हाळ्यात सूर्य ईशान्येकडे उगवून वायव्येकडे मावळतो, म्हणून त्या खिडक्यांनाही दोहो बाजूंस उभ्या आडभिंती हव्यात.

हल्ली आपल्या शहरांतून इमारतींस दर्शनी बाजूने सगळी काचच लावण्याची हौस दिसते. काचेतून ऊन सहज आत येते. आतील वस्तू त्याने तापतात, पण त्यांची उष्णता काचेतून तशी सहज बाहेर पडत नाही. उन्हात उभी केलेली बंद मोटार याच कारणाने भट्टीसारखी होते. अमरावतीच्या एका काचेच्या दुकानात मी मे महिन्यात गेलो होतो. मालकाने आतून जाड पडदे ओढून घेतले होते आणि भर दुपारी दिवे लावले होते.