कैरान्याचे खाँसाहेब मिरजेचे कसे झाले?

माधवनगर आणि सांगलीहून मिरज हाकेच्या अंतरावर आहे. या परिसरातील संगीतप्रेमींची पावले दरवर्षी उरुसाच्या दिवसांत मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याकडे वळतात. तेथील संगीतसभेत हजेरी लावणे गायक-वादक भाग्याचे मानतात. त्यामागे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची आठवण आहे. उत्तरेतला हा गवई मिरजेचा झाला, ही आपल्या संगीताच्या इतिहासातील महत्त्वाची घटना होय.

खाँसाहेबांचा जन्म १८७२ मध्ये उत्तर प्रदेशातील कैराना या गावी झाला. किराणा घराण्याचे नाव याच गावावरून पडले. बडोद्याच्या दरबारात काही काळ घालवल्यानंतर ते महाराष्ट्रात आले आणि पुढे मिरजेत स्थायिक झाले. पुण्यात त्यांनी १९१३ मध्ये आर्य संगीत विद्यालय स्थापन केले. घराण्याची विद्या घरातच राखण्याचा तो काळ असल्याने या पावलाचे मोल मोठे होते.

त्यांच्या गायकीचे मर्म स्वरात होते. तानांच्या दिपवणाऱ्या करामतीपेक्षा एकेका स्वराची संथ बढत त्यांना प्रिय होती. म्हणूनच तंबोऱ्याच्या जुळणीबाबत ते अत्यंत काटेकोर असत. वाद्यांची दुरुस्तीही ते स्वतः करीत. वाद्यनिर्मितीसाठी प्रसिद्ध असलेल्या मिरजेशी त्यांचे सूर जुळले, यात नवल ते काय! सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल बावीस श्रुतींचा अभ्यास करीत होते. त्यांच्या संशोधनालाही खाँसाहेबांच्या गळ्याचे साहाय्य झाले.

दक्षिणेतील संगीताकडे त्यांनी परके म्हणून पाहिले नाही. म्हैसूरच्या दरबारात त्यांचा सन्मान झाला. कर्नाटक पद्धतीतील सरगम त्यांनी ख्यालात मानाने आणली आणि त्यागराजांची एक रचना ध्वनिमुद्रितही केली. हिंदुस्थानी गवयाने असे करणे तेव्हा सर्वस्वी अपूर्व होते.

२७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेत त्यांची प्रकृती बिघडली. सिंगपेरुमाळ कोईल या लहानशा स्थानकावर ते उतरले आणि तेथेच त्यांनी देह ठेवला. त्यांचे पार्थिव मिरजेला आणून दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आले.

त्यांचा वारसा मात्र विस्तारत गेला. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर आणि सरस्वतीबाई राणे ही त्यांचीच अपत्ये. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडून ही गायकी भीमसेन जोशी यांच्यापर्यंत पोहोचली. खाँसाहेबांची झिंझोटीतील ठुमरी ध्वनिमुद्रिकेवर ऐकूनच बालवयातील भीमसेनांना गाण्याची ओढ लागली होती.

मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. या वाद्यांना जो कान लागतो, तो या मातीत रुजवणाऱ्यांमध्ये खाँसाहेबांचे स्थान मोठे आहे. गावाची ओळख तेथे जन्मलेल्यांइतकीच तेथे येऊन राहिलेल्यांमुळेही घडते, याची साक्ष दर्ग्यातील उरुसाची संगीतसभा दरवर्षी देते.