पीटेन एंझाइमाची रचना व त्याचे कोशिकेतील नियमन

मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. कमल रणदिवे यांनी उंदरांतील स्तन-कर्करोगाचा अभ्यास करताना आनुवंशिकतेच्या प्रश्नाकडे लक्ष वेधले होते. मानवात या प्रश्नाचे एक रासायनिक उत्तर १९९७ साली हाती आले. ते म्हणजे पीटेन हे अर्बुदरोधक एंझाइम होय. त्याचे जनुक दहाव्या गुणसूत्रावर असून, ते जन्मतः सदोष असलेल्या स्त्रियांत स्तन-कर्करोगाचा धोका बराच वाढतो.

वाढीचा संदेश मिळताच कोशिका-पटलातील एका मेदद्रव्याच्या इनॉसिटॉल वलयावर तिसऱ्या स्थानी फॉस्फेट गट जोडला जातो व त्यामुळे कोशिकेच्या विभाजनास चालना मिळते. पीटेन नेमका हाच गट काढून टाकते आणि संदेश थांबविते.

पीटेनमध्ये ४०३ ॲमिनो अम्ले असतात. १९९९ मध्ये उलगडलेल्या स्फटिकरचनेवरून त्याचे दोन प्रमुख खंड स्पष्ट झाले. पहिल्या खंडात क्रियाकेंद्र असून १२४ व्या स्थानावरील सिस्टीन तेथे प्रत्यक्ष कार्य करते. या मेदद्रव्याचे मोठे शीर्ष मावावे इतकी तेथील खाच रुंद आहे. दुसरा खंड एंझाइमास पटलाशी जखडून ठेवतो. १२९ व्या स्थानी ग्लायसीनऐवजी ग्लुटामिक अम्ल आले, तर प्रथिनांवरील क्रिया टिकते, पण मेदद्रव्यावरील क्रिया नष्ट होते. हा दोष कर्करोगप्रवण कुटुंबांत आढळला आहे. यावरून मेदद्रव्यावरील क्रियेचे महत्त्व कळून येते.

नियमनाचे मुख्य स्थान म्हणजे रेणूचे लवचिक शेपूट होय. त्यावरील ३८० ते ३८५ या टप्प्यातील सेरीन व थ्रिओनीन यांवर फॉस्फेट गट बसले की शेपूट मुख्य भागावर दुमडते. तेव्हा रेणू टिकाऊ होतो, परंतु पटलापासून दूर व निष्क्रिय राहतो. ते गट निघाले की तो पटलाकडे जाऊन कार्यास लागतो, पण लवकर नाशही पावतो. याखेरीज हायड्रोजन पेरॉक्साइडामुळे १२४ व ७१ या स्थानांवरील सिस्टीनांत गंधक-बंध निर्माण होऊन क्रिया तात्पुरती थांबते. क्षपण झाले की ती पूर्ववत् होते.

तात्पर्य, जनुक अबाधित आहे किंवा प्रथिन विपुल आहे, एवढ्यावरून अर्बुदरोध चालू आहे असे अनुमान काढणे धोक्याचे ठरेल. अभ्यासकाने पीटेनचे प्रमाण, स्थान व अवस्था या तिन्हींची तपासणी केली पाहिजे.